समई घासा, मूर्ती नको

श्रोतेहो, चवथ जवळ आली की साखळी-डिचोलीकडे घरोघरी समया, तबकं, घंगाळी परसात येतात आणि चिंच भिजत पडते. समई जरूर घासा. ती रोजच्या वापरातली, बिघडली तर डिचोलीत दुसरी मिळेल. पण त्याच हाताने पणजोबांच्या वेळची पितळी मूर्ती घासायला घेता ना, तिथे माझं भांडण आहे.

ती मूर्ती एकदा पाठमोरी करून बघा. पाठीवरच्या वस्त्राची बारीक नक्षी अजून बोटाला लागते. पुढे मात्र नाक सपाट, डोळे पुसट. पाठीकडे चिंचेचा हात पोचला नाही म्हणून ती वाचली! बैठकीवर शक किंवा देणाऱ्याचं नाव कोरलेलं असेल, तर तेही असंच झिजून जातं.

वरचा काळपट-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. मिस्कुटाच्या, म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या, बरणीत वर आलेलं तेल आपण पळीने काढून टाकतो का? त्या तेलाखालीच फोडी टिकतात. तसा हा थर आतल्या धातूला हवेपासून राखतो. आंबटाने तो निघाला की पितळेतलं जस्त विरघळतं, तांबूस डाग उठतात. चिंचेबरोबर मीठ लावलंत तर बरणीत ओला चमचा घातल्यासारखंच. खाचांत राहिलेलं मीठ पावसाळी हवेत तांब्याला खात सुटतं आणि बुरशी यावी तशी फिकट हिरवी भुकटी दिसू लागते. झटकली तरी ती परत येते. घट्ट बसलेला, गुळगुळीत हिरवा थर असेल तर घाबरू नका. भुकटी असेल तर मूर्ती कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम चालतं, तिथे विचारता येईल.

घरी करायचं ते एवढंच: मऊ कोरडा कुंचला आणि सुती फडकं. अभिषेक झाला तर साध्या पाण्याने धुऊन लगेच टिपून घ्या, खाचासुद्धा. उचलताना बैठकीखाली हात द्या, प्रभावळीला धरू नका. खोबरेलही नको. समईच्या खाचेत हिरवा चिकट थर साचतो, तो तेलाने आणि तांब्यानेच होतो.

पुन्हा सांगते, समई घासा, मूर्ती नको.

आणखी एक. शंभर वर्षांवरची मूर्ती १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिची पुरातत्त्व खात्याकडे नोंद करावी लागते. नोंदीला छायाचित्रं लागतात, ती घासण्याआधीची... वेळ संपत आल्याची खूण होते आहे. नोंदीचं पुढच्या खेपेला सांगेन. तोवर चिंच समईपुरतीच भिजवा.