दुखतंय ते सांगा

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचंही. इथे बसलेल्या कित्येकांनी आज पाळी बदलून घेतली असेल, कुणी वाडीतलं काम टाकून आलं असेल. त्यांच्या कष्टांचं मोल माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त जाणता.

मी आयुष्यभर सहायक प्रशिक्षक होतो. खेळ फुटबॉल, संघ मुंबईतल्या महाविद्यालयांचे. मुख्य प्रशिक्षक आले आणि गेले, प्राचार्य निवृत्त झाले, मी मात्र बाकाच्या त्याच टोकाला बसत आलो. मुलं मुख्य प्रशिक्षकांना ‘मोठे सर’ म्हणायची आणि मला ‘छोटे सर’. केस पिकले तरी मी छोटे सरच राहिलो. या नावाचा मला अभिमान आहे.

सहायकाचं काम बाहेरच्यांना दिसत नाही. मैदानावर सगळ्यांच्या आधी जाऊन शंकू मांडायचे, बॉलमधली हवा बघायची, बिब वाटायचे, ओळखपत्रं आणि पात्रतेचे फॉर्म पिशवीत जपायचे. पण खरं काम ऐकण्याचं. मोठे सर विचारतात, “फिट आहेस ना?” मुलगा ताठ उभा राहून सांगतो, “एकदम फिट, सर.” तोच मुलगा दोन मिनिटांनी पाणी प्यायला मागे येतो आणि हळूच म्हणतो, “छोटे सर, मांडी खेचतेय.” संघात कुणाला खेळवायचं हे मोठे सर ठरवतात आणि संघाचं दुखणं छोट्या सरांना ठाऊक असतं. या दोन गोष्टींची गाठ पडली नाही की पोरांचं नुकसान होतं. ते होताना मी पाहिलंय, आणि आज मला त्यावरच बोलायचंय.

मी याच किनाऱ्यावरचा. ओहोटीला चिंचणीची वाळू टणक होते, त्या वाळूवर अनवाणी खेळत मोठा झालो. घरात थोरला भाऊ डायमेकिंगच्या कामाला बसायचा. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी कोरताना त्याच्या पाठीला रग लागे, मनगट सुजे, पण ऑर्डर पूर्ण झाल्याशिवाय तो उठत नसे. घरात त्याचं कौतुक होई. दुखणं गिळून काम करणारा तो खरा, हे मी त्याच्याकडूनच शिकलो. ही शिकवण डोक्यातून काढून टाकायला मला पुढे फार वर्षं लागली.

मुंबईच्या कॉलेजात गेलो तेव्हा डहाणूपर्यंत लोकल नव्हती. ती २०१३ साली आली. आमची भिस्त शटलवर आणि गुजरातकडून येणाऱ्या पॅसेंजरवर. अंधारात घर सोडायचं, बोईसरला गाडी पकडायची, विरारला बदलायची आणि सकाळच्या सरावाला पोचायचं. उशीर झाला तर मैदानाला फेऱ्या. या भागातून येणारी पोरं सराव सुरू होण्याआधीच अर्धी दमलेली असतात, हे पुढे प्रशिक्षक झाल्यावर मी सरावाच्या वेळा ठरवणाऱ्यांना परोपरीने सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही.

त्या काळी कॉलेजात चांगलं खेळणाऱ्याला नोकरी मिळायची. रेल्वेचे संघ होते, एअर इंडिया, आरसीएफ, टाटा स्पोर्ट्‌स क्लब होते, मफतलाल आणि ऑर्के या गिरण्यांचे संघ होते. मुंबईतला रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा. कूपरेज मैदानावर त्याचे सामने असले की आम्ही तास बुडवून जायचो. टाटांकडून खेळलेल्या नेव्हिल डिसोझांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले होते, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. त्यांचं नाव घेऊन आम्हाला सराव करायला लावायचे. संघ होते, नोकऱ्या होत्या, त्यामुळे बाकावर बसायची कुणाची तयारी नसायची. उद्याच्या सामन्याला रेल्वेचे साहेब येणार आहेत असं कळलं की घोटा सुजलेला पोरगा दोन मोजे चढवून उभा राहायचा. त्याला दोष तरी कसा देणार? त्या एका दुपारवर घरची चूल अवलंबून होती.

नंतर एकेक संघ बंद होत गेला. रोव्हर्स चषक थांबला. महिंद्र युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो संघही बंद झाला. मुंबईच्या फुटबॉलचं हे नुकसान अजून भरून निघालेलं नाही, याची चीड मी अजून बाळगून आहे. दरम्यान पोरांची धाव खेळाच्या प्रमाणपत्रामागे सुरू झाली. राज्य सरकारने २००५ साली खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवलं. निर्णय चांगला होता, गरिबाघरच्या कित्येक मुलामुलींचं त्याने भलं झालं. पण मैदानावर एक नवीन वाक्य ऐकू येऊ लागलं. “सर, गुडघा ठीक नाही, पण सर्टिफिकेटपुरतं पाच मिनिटं उतरवा.” आणि जी न खेळताच प्रमाणपत्र मिळवतात त्यांच्याविषयी मी इथे बोलत नाही, तो विषय काढला तर संध्याकाळ होईल.

माझ्या व्यवसायाचं एक गाऱ्हाणं मात्र मांडतोच. महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक एक असतो आणि त्याच्या गळ्यात कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं. म्हणून एकेका खेळाला बाहेरून प्रशिक्षक आणायचे, मानधनावर. सहायकाला त्या मानधनातलं उरलंसुरलं, तेही हंगाम संपल्यावर, व्हाउचरवर सही घेऊन. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स मी पदरचे पैसे घालून केला. १९८५ साली प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या तिघांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, मराठी माणूस म्हणून आम्हाला कोण आनंद झाला होता! फुटबॉलला तो मान १९९० साली सय्यद नईमुद्दीन यांच्यामुळे मिळाला, आणि २०२४ च्या यादीत गोव्याचे आर्मांडो कोलासो आले. धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणाऱ्या माणसाला इतका उशीर! मग त्यांच्या शेजारी बसून नोंदी ठेवणाऱ्यांना कोण विचारतो? गोव्याचेच साव्हियो मदेरा भारताचे सहायक प्रशिक्षक होते. २०११ साली ते मुख्य झाले आणि त्याच वर्षी भारताने दिल्लीत सॅफ स्पर्धा जिंकली, तेव्हा कुठे लोकांना त्यांचं नाव कळलं. महेश गवळींनीही राष्ट्रीय संघाबरोबर सहायकाचं काम केलं. बचावपटू म्हणून त्यांना पाहिलेले लोक आहेत, सहायक म्हणून त्यांनी काय केलं हे किती जणांना सांगता येईल?

आता सहायकाचं ऐकलं नाही की काय होतं, ते सांगणारी एका मुलाची गोष्ट. नाव सांगणार नाही. बोईसरचा, बाप एमआयडीसीत हेल्पर. डाव्या बाजूने असा पळायचा की समोरचा बॅक वळेपर्यंत हा कॉर्नरच्या झेंड्यापाशी. आंतरविद्यापीठ स्पर्धेचा पश्चिम विभागाचा सामना होता. तिथून पुढे गेलं की सर आशुतोष मुखर्जी चषकाची अखिल भारतीय फेरी. हेडला उडी मारून खाली येताना त्याचा पाय रोवला गेला आणि अंग फिरलं. मी जवळ गेलो तर म्हणाला, “सर, आत काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला.” मध्यंतरापर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती, गुडघा दोन्ही बाजूंनी भरून आला होता. इतक्या लवकर येणारी सूज म्हणजे बहुतेक वेळा सांध्यात रक्त उतरलेलं असतं, आणि तो आवाज म्हणजे एसीएल नावाचं लिगामेंट तुटल्याचा. हे समजायला एमआरआय लागत नाही, बघायची सवय लागते. मैदानाबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून मी बर्फाचा तुकडा आणला, टॉवेलात गुंडाळून गुडघ्यावर धरला आणि बदली खेळाडूची चिठ्ठी लिहून मुख्य प्रशिक्षकांच्या हातात दिली. त्यांनी ती फाडली. म्हणाले, “क्रेप बांधा, स्प्रे मारा, पंधरा मिनिटं काढेल तो.” मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मुलाला विचारलं, “खेळशील?” वीस वर्षांचा पोरगा, सगळा संघ बघतोय. काय उत्तर देणार? “खेळतो, सर.”

पहिल्याच वळणाला तो पडला. नंतर डॉक्टर म्हणाले, गुडघ्यातली गादीही फाटलीय. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर यायला साधारण नऊ महिने लागतात, तेही नीट व्यायाम करून घेणारा कुणी असला तर. याच्या घरी शस्त्रक्रियेलाच पैसे नव्हते. ती झाली दोन वर्षांनी. आज तो एका कारखान्यात देखभालीचं काम करतो. शिडीवरून उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून उतरतो. मला भेटला की अजून “छोटे सर” म्हणून हाक मारतो. त्या वर्षीच्या अहवालात सामन्याचा निकाल छापला गेला. त्याच्या गुडघ्याचा एका ओळीतही उल्लेख नाही.

ही गोष्ट सांगितली की लोक मला जकार्ताचा दाखला देतात. १९६२ ची आशियाई स्पर्धा, लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडताहेत, आणि जर्नैलसिंग डोक्याला टाके असताना अंतिम सामन्यात उतरतो, गोल मारतो, दक्षिण कोरियाला आपण २–१ ने हरवून सुवर्ण आणतो. खरी घटना आहे, मीही ती हजार वेळा सांगितली असेल. पण त्यातलं अर्धंच लोक उचलतात. तेव्हाचे भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर. त्यांनी जर्नैलला त्याच्या नेहमीच्या बचावफळीत ठेवलं नाही, पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं. म्हणजे जखम डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी सगळा संघ नव्याने मांडला. स्वतः रहीम तेव्हा कर्करोगाने खंगलेले होते, पुढच्याच वर्षी जूनमध्ये गेले. त्यांना दुखणं म्हणजे काय ते माहीत होतं. “क्रेप बांधा आणि उतरवा” म्हणणाऱ्याने त्यांचं नाव घेऊ नये.

आणि खुद्द खेळाच्या नियमांनाही हे शिकायला किती काळ लागला! विश्वचषकात बदली खेळाडू घ्यायची परवानगी मिळाली १९७० साली. तोवर जखमी माणसाने एक तर लंगडत खेळायचं किंवा संघाने एक कमी घेऊन खेळायचं. त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीच्या दोन्ही बदल्या संपल्यावर बेकनबाउअर निखळलेला खांदा बांधून खेळला, आणि तो फोटो जगभर शौर्य म्हणून गाजला. पाच बदल्या आल्या २०२० मध्ये, कोविडच्या काळात. डोक्याला मार बसलेल्यासाठी वेगळ्या बदलीचे प्रयोग तर २०२१ पासून सुरू झाले. आमच्या एका गोलकीपरला खांबाचा मार बसला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. उठून उभा राहिला, हातमोजे झटकले, “ठीक आहे” म्हणाला. मी विचारलं, “आज कुणाशी खेळतोयस?” त्याने गेल्या आठवड्यातल्या कॉलेजचं नाव सांगितलं. मी त्याचे हातमोजे काढून घेतले. राखीव गोलकीपर नव्हता, स्टॉपरला उभं केलं, आम्ही सामना हरलो. तो मुलगा आज बँकेत आहे, त्याच्या मुलीच्या बारशाला मी गेलो होतो.

मुलींनो, तुमच्याविषयी मुद्दाम सांगतो. गुडघ्यातल्या एसीएलची इजा मुलींना मुलांपेक्षा अधिक प्रमाणात होते, हे अभ्यासातून सिद्ध झालंय. आणि दुखणं लपवायची सक्ती तुमच्यावर मुलांपेक्षा जास्त. घरी कळलं तर खेळणं बंद होईल, म्हणून पाय मुरगळलेली मुलगी स्टेशनवरून घरापर्यंत सरळ चालत गेलेली मी पाहिलीय.

तुमच्यापैकी फार थोडे जण पुढे फुटबॉल खेळतील. बरेच जण बोईसरला जातील, तारापूर एमआयडीसीत, कुणी स्टोअरला, कुणी अकाउंट्सला, कुणी पाळीवर सुपरवायझर म्हणून. तिथे वास येतो, प्रेशरचा काटा वर चढतो, व्हॉल्व्ह गळतो, आणि जुना माणूस सांगतो, “चालतं रे, रोजचंच आहे.” २०२० च्या जानेवारीत तारापूरला झालेला स्फोट तुम्हाला आठवत असेल, त्याचा आवाज किती लांब गेला होता! त्या एका घटनेचं कारण मी सांगत नाही, तो माझा अधिकार नाही. मी एवढंच जाणतो की काहीतरी बिघडलंय हे बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या माणसाला आधी कळतं, आणि त्याचं ऐकायला कुणी बसलेलं नसतं. तुम्ही नवीन असाल तेव्हा दुखतंय ते सांगा, चिठ्ठी फाडली तर दुसरी लिहा. आणि उद्या तुम्ही ‘मोठे सर’ व्हाल तेव्हा चारचौघांत कुणाला “खेळशील का?” असं विचारू नका. त्याला बाजूला घ्या, पाण्यापाशी न्या आणि तिथे विचारा.

प्राचार्य महोदय आणि विश्वस्त मंडळी, आपण इतक्या आपुलकीने बोलावलंत तर एक मागणं करतो. आपल्या जिमखान्यात एक वही ठेवा. प्रत्येक संघाच्या प्रत्येक सरावात आणि सामन्यात कुणाला काय लागलं, कुणी तपासलं, तो परत कधी उतरला, हे तीत लिहिलं जावं आणि ती वही दर महिन्याला आपल्या टेबलावर यावी. दुसरं, मैदानावरच्या एका माणसाला, मग तो सहायक असो वा प्रथमोपचार शिकलेला विद्यार्थी, खेळाडूला बाहेर काढायचा लेखी अधिकार द्या, आणि त्याने काढलेल्याला मुख्य प्रशिक्षकानेसुद्धा परत उतरवायचं नाही असा नियम करा. बर्फाची सोय किनाऱ्यावरच्या गावात अवघड नाही. हे या जून महिन्यापासून सुरू करता आलं तर पहिल्या सत्रात मी स्वतः येऊन वही कशी भरायची ते शिकवीन, मानधनाशिवाय. तारीख कळवा.