‘समजलं नाही’ म्हणण्याचा धडा



परदेशी विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत. डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ साली ‘सिंबायोसिस’ सुरू केली, तीच मुळी या मुलांना परक्या गावात आपलं माणूस मिळावं म्हणून. इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान अशा अनेक देशांतून मुलं इथे येत राहिली. काही भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येतात, काही घरचं किडूकमिडूक विकून. त्यांची शाळा झालेली असते फारसीत, अरबीत. इथली पदवी मात्र इंग्रजीतून. म्हणून आधी त्यांना इंग्रजी शिकवावं लागतं. ते काम मी बरीच वर्षं केलं.

इंग्रजीबरोबर या मुलांना थोडी संस्कृतीही शिकवा, असं सगळेच सांगतात. संस्कृती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणपती, फराळ, रांगोळी येते. मुलांना ते आवडतंही. पण रांगोळी आली नाही म्हणून कोणाचं वर्ष वाया जात नाही. ते जातं वेगळ्याच कारणांनी.

पहिलं कारण अगदी साधं. शिक्षक विचारतात, ‘समजलं का?’ मुलगा मान डोलावतो, ‘येस सर’ म्हणतो. समजलेलं काहीच नसतं. पण ‘समजलं नाही’ म्हणणं म्हणजे ‘तुम्ही नीट शिकवलं नाही’ असं गुरुजींना तोंडावर सांगणं, अशीच त्याच्या घरची शिकवण असते. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? म्हणून आम्ही त्याचा चक्क तासच ठेवला. ‘सर, तुमचा पहिला मुद्दा कळला, दुसरा माझ्याकडून निसटला’ हे वाक्य इंग्रजीत जोडीजोडीने, मोठ्याने म्हणायचं. त्यात व्याकरण थोडंच आहे. धीर मात्र पुष्कळ लागतो.

दुसरी गोष्ट इराणी मुलांची. त्यांच्याकडे ‘तआरोफ’ नावाचा शिष्टाचार आहे. चहा विचारला की आधी नको म्हणायचं, पुन्हा विचारलं तरी नको, आणि आग्रह झाला की मग घ्यायचा. मार्गदर्शक विचारतात, ‘निबंधाला आणखी आठवडा हवा का?’ मुलगा म्हणतो, ‘नको सर.’ विषय तिथेच संपतो. मुलगा बिचारा दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत असतो. वर्गात मी आपल्या पंगतीतला आग्रह सांगितला. पानावर आडवा हात धरून ‘नको, नको’ म्हणायचं आणि वाढणाऱ्याने तरी जिलबी वाढायची. त्यावर एक मुलगी हसून म्हणाली, ‘म्हणजे तुमचं नकोही फारसीच आहे!’ खरंच आहे ते. पण पंगतीतला आग्रह कचेरीत चालत नाही. तिथे पहिलंच उत्तर खरं धरतात, हे शिकवावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महागात पडणारी. या मुलांचं पाठांतर दांडगं असतं. इराणी घरांत हाफिजच्या ओळी बोलता बोलता येतात, कवीचं नाव कोणी सांगत बसत नाही. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या, त्यांना कुठे अवतरणचिन्हं होती? थोरांचे शब्द जसेच्या तसे म्हणणं हा तिथे आदर असतो. प्रबंधात मात्र तीच चोरी ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की तो सुधारून द्यावा लागतो, ४० टक्क्यांच्या वर गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. व्हिसा मोजक्या मुदतीचा असलेल्या मुलाला याचा अर्थ लगेच कळतो. नुसतं ‘चोरी करू नका’ म्हणून मात्र भागत नाही, कारण आपण चोरी करतोय हेच त्याच्या मनात नसतं. इथे लेखकाचं नाव, साल आणि पान सांगणं हाच आदर आहे, असं म्हटलं की त्याला पटतं.

एक सावधगिरी मात्र हवी. रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी अभ्यासकाने १९६६ साली एक लेख लिहिला. इंग्रजी परिच्छेद सरळ रेषेत जातो, पौर्वात्य परिच्छेद गोल गोल फिरतो, अशी चित्रंच त्याने काढून दाखवली. ती खूप गाजली आणि त्यांच्यावर टीकाही तेवढीच झाली. ती योग्यच होती. मुलगा इराणचा म्हणून तो आडवळणानेच लिहिणार, असं ठरवून टाकलं की शिकवणं संपलं. मुद्दा आधी मांडायचा आणि पुरावा मागून द्यायचा, ही लिहिण्याची एक रीत आहे. ती शिकता येते. तिच्यासाठी घरची रीत टाकून द्यावी लागत नाही.

मुलं कधी विचारायची, ‘ही संस्कृती नक्की कोणाची? इंग्रजांची की पुण्याची?’ मी फळ्यावर बाजार, दरवाजा, हजार, कागद असे शब्द लिहायचो. फारसी बोलणाऱ्या मुलांचे चेहरे खुलायचे. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी हे शब्द आपल्या तोंडी राहिलेच. पण विद्यापीठाची रीत यांतल्या कोणाच्याच घरची नाही. ती घेऊन कोणी जन्माला येत नाही.

म्हणूनच शेवटी एक सुचवावंसं वाटतं. मराठी माध्यमातून शिकून, खेड्यातून पुण्यात आलेला आपला मुलगाही मागच्या बाकावर ‘येस सर’ म्हणत मान डोलावत असतो. त्याच्यासाठी असा तास कोणी ठेवत नाही, कारण तो इथलाच समजला जातो. परदेशी मुलांच्या या वर्गात त्यालाही बसवावं. काबूलचा आणि किनवटचा, दोघांनी शेजारी बसून ‘समजलं नाही’ म्हणायला शिकावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)