किलोचा दर, चौरस फुटाचा हिशेब



पुण्याजवळ भोसरी-चाकणकडच्या छोट्या प्लेटिंग शॉपमधलं काम आधी थोडक्यात सांगतो. बोल्ट, वॉशर, ब्रॅकेट येतात. त्यांचं तेल काढायचं, आम्लात गंज उतरवायचा, धुवायचे आणि बॅरलमध्ये घालून किंवा जिगवर टांगून विजेच्या जोरावर जस्ताचा आठ-दहा मायक्रॉनांचा थर चढवायचा. वर पॅसिव्हेशन, म्हणजे जस्ताला जपणारं क्रोमियमचं पातळ रासायनिक कवच. दर बहुधा किलोवर.

मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘पावडर कोटिंगही तुम्हीच करून द्या ना!’ मालकाला वाटतं, धुलाईची लाइन आहेच. पावडर फवारायला बूथ आणि गन, ती भाजून पक्की करायला ओव्हन आणलं की झालं. माझं म्हणणं असं, की ओव्हनच्या आधी हिशेबाची वही बदला.

एक मीटर लांब-रुंद, एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा घ्या. वजन सुमारे ७.८५ किलो. त्याच मापाची १० मिलिमीटर जाड प्लेट ७८.५ किलोंची. कडा सोडल्या तर दोन्हींचं क्षेत्रफळ तेच, दोन चौरस मीटर. ६० मायक्रॉनांचा थर हवा आणि पावडरची घनता घनसेंटिमीटरला दीड ग्रॅम धरली, तर दोन्हींवर १८० ग्रॅम पावडर बसते; उडून जाते ती वेगळी. किलोचा दर लावलात तर पत्र्यात तुम्ही बुडाल आणि प्लेटवाला दुसरीकडे जाईल.

म्हणून हा धंदा चौरस फुटावर चालतो. पण तेवढ्यानंही भागत नाही. पावडर पक्की व्हायला साधारण १८० अंश सेल्सिअस लागतात आणि तिथं दहा-पंधरा मिनिटं टिकावं लागतं. हे तापमान धातूचं, ओव्हनमधल्या हवेचं नव्हे. प्लेट तापवायला पत्र्याच्या दहापट उष्णता लागते. पावडर क्षेत्रफळावर जाते, इंधन वजनावर. दरात दोन्ही यायला हवीत.

दुसरा प्रश्न जागेचा. आम्लाच्या टाकीशेजारी बूथ मांडला, तर वाफेनं धुतलेला माल पुन्हा गंजतो आणि पावडरची धूळ बाथमध्ये पडते. तीच धूळ हवेत दाटली तर ठिणगीनं पेटते. तेव्हा स्वतंत्र खोली आणि चांगलं एक्झॉस्ट हवंच.

काही जण पावडरकडे न वळता पाण्याच्याच, म्हणजे प्लेटिंगच्या, वाटेनं पुढे जातात. १२ ते १५ टक्के निकेल असलेलं झिंक-निकेल साध्या जस्तापेक्षा कितीतरी जास्त तास मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत टिकतं. लाइन ओळखीची, पण सांडपाणी अनोळखी: क्षारीय बाथमधली रसायनं निकेलला धरून ठेवतात, आणि नेहमीचा चुना टाकून ते खाली बसत नाही. तो प्रवाह वेगळाच ठेवावा लागतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातही बदल आधी, बाथ नंतर. १०.९ किंवा १२.९ अशा उच्च ताकदीच्या ग्रेडचे बोल्ट असतील तर तिसरा विचार करा. प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजननं ते ठिसूळ होऊ शकतात, म्हणून तिथं विजेशिवाय चढवायचा झिंक फ्लेकचा थर मागतात.

थर बदलण्याची मागणी देशाबाहेरूनही येते. युरोपीय संघानं २००० साली काढलेल्या निर्देशामुळे १ जुलै २००७ पासून मोटारींच्या गंजरोधक थरांतून हेक्साव्हॅलंट क्रोमियम हद्दपार झालं, आणि निर्यातीच्या साखळीतल्या प्लेटरांना ट्रायव्हॅलंट क्रोमियमच्या पॅसिव्हेशनकडे वळावं लागलं.

तेव्हा काय करायचं? काही महिने गिऱ्हाइकाचं नवं काम दुसऱ्या कोटरकडून करून घ्या. नफा थोडाच सुटेल. पण प्रत्येक लॉटचं वजन, क्षेत्रफळ, रिजेक्शन आणि गिऱ्हाइकाचे पैसे किती दिवसांनी आले, हे लिहून ठेवा. त्या आकड्यांत मशीनच्या कर्जाचा हप्ता बसत असेल, तरच ऑर्डर द्या.