हातानें लिहिलेल्या पोथ्यांचें ऋण
(वालीव येथें ज्युबिली समारंभांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं आपलें देवालय कोणाच्या कष्टानें उभें राहिलें ह्याचें स्मरण करणें उचितच आहे, आणि तें काम माझ्याहून जाणत्या वडीलधाऱ्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. मला दगडचुन्याविषयीं बोलावयाचें नाहीं. कागद आणि शाई ह्यांविषयीं दोन शब्द बोलण्याची परवानगी मी आपणांपाशीं मागतों.

इ. स. १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज येशूसंघीय गोव्यास आला. पुढें १६१९ त मृत्यु येईपर्यंत त्यानें बहुतेक सारें आयुष्य साष्टी प्रांतांत वेंचलें. तेथील नवख्रिस्ती लोकांस पूर्वीच्या पुराणांच्या जागीं गावयास कांहीं तरी पाहिजे होतें. तें देण्यासाठीं त्यानें मराठींत सुमारें अकरा हजार ओव्यांचा एक ग्रंथ रचिला. तेंच आपलें ख्रिस्तपुराण. त्याच्या पहिल्या भागांत जुन्या कराराची कथा आहे व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. १६१६ त राशोल येथें तो छापला गेला. नागरी खिळे नसल्यामुळें रोमी अक्षरांत छापावा लागला. १६४९ व १६५४ ह्या सालीं तो पुन्हां छापण्यांत आला.

श्रोतेहो, तीन वेळां छापलेल्या ह्या ग्रंथाची त्या वेळची एकही छापील प्रत आज जगांतील कोणत्याही ग्रंथालयांत सांपडलेली नाहीं. मग तो आपल्या हातीं कसा आला? तो आला हातानें लिहिलेल्या प्रतींमधून. १६८४ त गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें लोकांनीं आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागावें असा हुकूम काढिला. देशी भाषांतील छपाई मागें पडली. पण घरोघरीं लेखणी चालू राहिली. गोवा सोडून कानडा प्रांतांत गेलेल्या कुटुंबांनीं आपल्या सामानाबरोबर ह्या पोथ्याही नेल्या. त्यांच्या वंशजांपाशीं राहिलेल्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें हें पुराण पुन्हां छापून प्रसिद्ध केलें. नक्कल करणाऱ्या त्या शेंकडों हातांपैकीं बहुतेकांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. परंतु त्यांनीं आळस केला असता, तर मराठी भाषेंतील हें रत्न कायमचें नाहींसें झालें असतें.

एक हस्तलिखित तर समुद्रापार गेलें. विल्यम मार्सडन नांवाच्या इंग्रज विद्वानानें जमविलेला ग्रंथसंग्रह १८३५ त लंडनच्या किंग्ज कॉलेजास मिळाला व पुढें तो त्याच शहरांतील पौर्वात्य विद्यालयांत गेला. त्या संग्रहांत ख्रिस्तपुराणाची नागरी लिपींत लिहिलेली प्रत आहे, हें जस्टिन अ‍ॅबट ह्या मिशनरी पंडितानें १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत उजेडांत आणिलें. हीच मूळ संहिता असें त्यांचें मत पडलें. इतर कित्येक पंडितांस तें मान्य नाहीं. तो वाद पंडितांनीं चालवावा. आपण एवढेंच ध्यानांत ठेवूं कीं, हा वाद करतां येतो तोही पोथी शिल्लक राहिली म्हणूनच.

गोव्यांत पणजी येथें १८३२ त स्थापन झालेलें मध्यवर्ती ग्रंथालय आहे. तेथेंही ख्रिस्तपुराणाचें हस्तलिखित जपून ठेविलेलें आहे. आज हें ग्रंथालय कृष्णदास शामा ह्यांच्या नांवानें ओळखलें जातें. हे सोळाव्या शतकांतील गोव्याचे कवि. त्यांनीं श्रीकृष्णाचें चरित्र मराठी ओव्यांत गाइलें. ज्या काळांत गोव्यांत अनेक देवळें पाडलीं गेलीं व ग्रंथ नष्ट झाले, त्याच काळांत त्यांचें काव्य रोमी अक्षरांत उतरून घेतलें गेलें. हें काम राशोलच्या येशूसंघीयांच्या आश्रयानें झालें असें अभ्यासक मानितात. तें बाड पोर्तुगालांतील ब्रागा शहरच्या ग्रंथालयांत पुढें सांपडलें. ज्यांच्याशीं मतभेद, त्यांचेंही लिहून ठेवावें, ही गोष्ट आजच्या दिवशीं लक्षांत घेण्याजोगी आहे.

आतां आपल्या वसईकडे वळूं. इकडच्या बोलींतील प्रभूच्या दुःखसहनाचें एक पुराण फ्रान्सिस्को व्हास द गिमराइश ह्यांच्या नांवावर १६५९ त लिस्बन येथें छापलें गेलें आणि १८४५ त मुंबईंत पुन्हां निघालें. उपवासकाळांत तें गाण्याची चाल ह्या भागांत होती. १७३९ त वसईचा किल्ला मराठ्यांनीं घेतला व बहुतेक पोर्तुगीज धर्मगुरु निघून गेले. तेव्हां आपल्या पूर्वजांचा विश्वास कशानें टिकला? देशी धर्मगुरूंच्या सेवेनें, घरच्या प्रार्थनेनें, आणि पाठ केलेल्या व वहींत उतरून घेतलेल्या गीतांनीं.

येथें मला एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या आजीपाशीं एक वही होती. उपवासकाळचीं गीतें, लग्नाचीं गाणीं, घरांतील बाप्तिस्म्यांच्या व मृत्यूंच्या तारखा, सर्व तिच्याच हातचें. आमचें जुनें घर पाडून नवें बांधिलें, त्या गडबडींत मीं स्वतः ती वही इतर कागदांबरोबर रद्दींत घातली. पुढें एका गीताचें कडवें कोणालाच आठवेना, तेव्हां तिची आठवण झाली. पण आजी नव्हती, आणि वहीही नव्हती. तें कडवें आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं.

वालीवच्या आसपास आज कारखान्यांचे गाळे उठले आहेत. जुनीं घरें पडत आहेत, पेट्या उघडल्या जात आहेत. वाळवी, कसर व पावसाळी ओल हे पोथीचे शत्रु खरेच. जुनी लोहयुक्त शाई तर कागदासच खाऊन टाकिते. परंतु ह्या सर्वांहून मोठा शत्रु म्हणजे "ह्यांत काय आहे?" असें म्हणणारी आपली उदासीनता.

म्हणून माझी हात जोडून विनंति आहे. ज्याच्या घरीं हातानें लिहिलेली वही, जुनें पत्र, खरेदीखत किंवा गीतांचें बाड असेल, त्यानें तें फेंकूं नये. फाटलेल्या पानांस चिकटपट्टी लावूं नये, उन्हांत वाळवूं नये; स्वच्छ सुती कापडाच्या बासनांत गुंडाळून कोरड्या जागीं ठेवावें. घरांतील तरुणांनीं प्रत्येक पानाचें छायाचित्र घ्यावें, आणि अक्षर ओळखणारीं वडील माणसें आहेत तोंवर त्यांच्याकडून तें वाचून घ्यावें. मूळ वही आपल्याच घरीं राहूं द्या. तिची एक प्रत मात्र धर्मग्रामाच्या कपाटांत येऊं द्या. एका जागीं ठेविलेलें एका आगींत जातें; ख्रिस्तपुराण वांचलें, तें अनेक घरीं होतें म्हणून वांचलें.

पुढील ज्युबिलीस आपल्यापैकीं पुष्कळजण नसतील. त्या दिवशीं येथें उभें राहून बोलणाऱ्यास आपल्याविषयीं कांहीं सांगावेंसें वाटलें, तर तें सांगण्याजोगें लिहिलेलें असावें, एवढीच माझी इच्छा आहे.