एकट्या पडलेल्या घराची गोष्ट : टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड'

(वाचकांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' या कादंबरीवर बोलणार आहे. ती १९८७ साली आली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि १९९३ साली मॉरिसन यांना नोबेल. पण पुरस्कारांसाठी मी ती वाचली नाही, आजीसाठी वाचली.

१९७८ साली नामांतराच्या वेळी मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा आजी नांदेड जिल्ह्यातलं गाव सोडून हैदराबादला आली. घरात रॉकेलचा वास आला की ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. का, ते आम्ही विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एकमेकांवर जीव टाकणाऱ्या माणसांच्या घरात एवढी मोठी गोष्ट न बोलता कशी राहते, हा प्रश्न घेऊन मी या पुस्तकाकडे गेले.

कादंबरी सुरू होते १८७३ साली, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराच्या कडेला. १८७३ हे साल आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी जोतीरावांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना त्यांनी ती अर्पण केली. गुलामगिरी तिथं १८६५ सालीच कायद्यानं संपली होती. मॉरिसन यांचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : कायद्यानं संपली, पण घरात संपली का?

कादंबरीच्या मागे एक खरी घटना आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून नवरा-मुलांसह पळाली. पकडायला माणसं दारात आली, तेव्हा मुलं पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिनं आपल्या दोन वर्षांच्या मुलीला मारलं. मग कोर्टात वाद झाला. तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा, की मालकाची मालमत्ता म्हणून तिला परत पाठवायचं? खुनाचा खटला चालवायचा तर ती माणूस आहे हे मान्य करावं लागणार. तिला परत पाठवलं गेलं.

कादंबरीतली आई सेथ. मळ्यावर तिच्यावर झालेला अत्याचार मॉरिसन एकदम सांगत नाहीत. तुकड्यातुकड्यांनी सांगतात, कारण सेथला तो तसाच आठवतो. मळ्याचा कारभार बघणाऱ्याच्या भाच्यांनी तिला धरून तिचं दूध काढलं, तान्ह्या लेकीसाठी असलेलं. तिची पाठ फोडली. आणखी एक प्रसंग आहे, जो आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मळ्याचा कारभार बघणारा शिकलेला माणूस आहे, त्याला 'मास्तर' म्हणतात. तो पोरांना कागदाचे दोन भाग करायला शिकवतो. एका बाजूला सेथची माणसाची लक्षणं लिहायची, दुसऱ्या बाजूला जनावराची. सेथ हे कानांनी ऐकते. फटक्यांचे व्रण पाठीवर राहतात. हे ऐकलेलं तिला अठरा वर्षांनी पुन्हा ऐकू येतं. ज्ञानाच्या नावाखाली माणसाची प्रतवारी कशी लावतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे.

सेथ पळते, सासूच्या घरी पोचते, अठ्ठावीस दिवस मोकळी राहते. मग मास्तर येतो आणि मार्गारेटच्या घरात घडलं तेच इथं घडतं.

पुढची अठरा वर्षं म्हणजे ही कादंबरी. दोन मुलगे आईच्या भीतीनं घर सोडून जातात. सासू बेबी सग्ज, जी रानात लोकांना जमवून स्वतःच्या अंगावर, हातापायांवर प्रेम करा म्हणून सांगायची, ती अंथरूण धरते आणि जाते. उरतात सेथ आणि धाकटी डेन्व्हर. मेलेली मुलगी आधी भूत म्हणून त्या घरात राहते, मग एक दिवस तरुण बाई होऊन दारात येते. सेथ तिला भरवते, विनवण्या करते, माफी मागते. कामावर जायचं सुटतं. भूत पोसत जातं आणि आई वाळत जाते.

भुताची कादंबरी म्हणून पुष्कळ जण इथं थांबतात. मला ती शेजाऱ्यांची कादंबरी वाटते.

मास्तर आला त्याच्या आदल्या दिवशी बेबी सग्जच्या घरी नव्वद माणसं जेवली होती. शेजाऱ्यांना ते सललं. यांच्याकडे एवढं आलं कुठून? सकाळी घोडेस्वार दिसले, तेव्हा कुणी धावत जाऊन सांगितलं नाही. ते शेजारीही गुलामीतून आलेले होते. आपल्याच माणसाच्या ताटाकडे बघून पोटात दुखणं, ही जखमही मॉरिसन लपवत नाहीत.

आणि सुटका होते तीही तिथूनच. उपाशी घरातून डेन्व्हर एकटी बाहेर पडते. ओटा उतरून रस्त्यावर यायला तिला किती धीर करावा लागतो, ते वाचताना मला आजीचा ओटा आठवला. ती काम मागते. मग अंगणातल्या झाडाच्या बुंध्यावर कुणीतरी जेवण ठेवून जातं. भांड्यावर नाव असतं. भांडं परत करायला डेन्व्हर एकेका घरी जाते आणि तुटलेली ओळख जुळते. शेवटी तीस बाया त्या घरासमोर येऊन उभ्या राहतात. त्यांना पुढं घालणारी एला सेथनं केलेलं बरोबर मानत नाही. तरी ती येते. आधी निवाडा आणि मग मदत, असा तिचा हिशेब नाही.

अमेरिकेतली गुलामगिरी आणि आपली जातिव्यवस्था एकच नाहीत. पण त्या तीस बायांपुढे मला आपली चळवळ तपासून बघावीशी वाटते. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. मागे राहिलेले भय्यालाल २०१७ साली वारले. एवढ्या वर्षांत आपण मोर्चे काढले आणि ते काढायलाच हवे होते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं पीडित आणि साक्षीदारांचे हक्क आले, प्रवासखर्च आणि पुनर्वसनही आलं. तेही झगडून मिळवावं लागतं. पण खटला चालू असताना रात्री त्या घरात कोण बसतं? दर वर्षी त्याच आईला तीच हकिकत माइकवर सांगायला लावताना, घरी गेल्यावर तिला झोप लागली का, हे आपण विचारतो का?

आजीची मुलाखत घ्यायची म्हणून मी रेकॉर्डर घेऊन दोनदा बसले होते. दोन्ही वेळा ती गप्प राहिली. मला राग आला होता. आता वाटतं, रेकॉर्डर ठेवून तिच्याशेजारी ओट्यावर नुसती बसले असते तर बरं झालं असतं. ती आता नाही. पण आपल्या प्रत्येकाच्या वस्तीत असं एक तरी घर आहे. पुढच्या बैठकीआधी त्या घरी एकदा जाऊन या. जाताना वही नेऊ नका, डबा न्या.

जय भीम.