सोबतीला कोण जाणार?
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. पण इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरात एक तरी सॉफ्टवेअरवाला आहेच. त्यामुळे त्यांची परवानगी घेऊन विषय बदलते आणि बुद्धिबळावर बोलते. पोटात भरीत-भाकरी आहे, वेळ दुपारची आहे, म्हणून थोडक्यातच बोलेन.

२८ जुलै २०२५ ला आपल्या बॅचच्या ग्रुपवर दिवसभर एकच फोटो फिरत होता, नागपूरच्या दिव्या देशमुखचा. जॉर्जियातल्या बाटुमी शहरात तिने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी, जी २००२ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली होती. नेहमीच्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डावांपैकी दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. एरवी ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागते. दिव्याकडे एकही नॉर्म नव्हता, पण हा विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो. एकोणिसाव्या वर्षी ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. त्या ८८ मध्ये बायका फक्त चार.

हा आकडा इतका लहान का, हे समजून घ्यायला पन्नास वर्षे मागे जावे लागते. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली. पहिली विजेती मुंबईची वासंती खाडिलकर. पुढची दहा वर्षे हे विजेतेपद वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन बहिणींच्या घराबाहेर गेलेच नाही. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या मुली. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणीने १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई विजेतेपद मिळवले, तेही एकही डाव न हरता, १२ पैकी साडेअकरा गुणांनी.

पण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते १९७६ साल. तेरा वर्षांची रोहिणी त्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही निर्णय दिला की, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

हे युवे म्हणजे १९३५ चे जगज्जेते. त्यांची एक गंमत सांगते. महिलांची पहिली जगज्जेती व्हेरा मेंचिक १९२९ मध्ये कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत खेळायला आली, तेव्हा आल्बर्ट बेकर या खेळाडूने थट्टा केली की, जो तिच्याकडून हरेल त्याला ‘मेंचिक क्लब’चा सभासद करू. त्या क्लबचा पहिला सभासद बेकर स्वतःच झाला! पुढे इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धांत मेंचिकने युवेंनाही दोनदा हरवले. म्हणजे बायकांना खेळू द्यावे की नाही, हे ठरवणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर पटावरच मिळालेले होते.

दार तर १९७६ सालीच उघडले. मग मुली गेल्या कुठे?

त्यांतली एक इथे समोर बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे. आठवीत असताना खेळाचे सर आम्हा दोघींना धुळ्याच्या एका स्पर्धेला घेऊन गेले होते. पहाटेची एस.टी., एरंडोल, पारोळा, सरांच्या पिशवीत पट आणि दशम्या. पाच फेऱ्यांत मी दोन डाव जिंकले, तिने चार. डाव संपल्यावर ती हरलेल्या मुलाला शांतपणे सांगायची, “तुझा घोडा इथे आला असता तर मी अडकले असते.” आमच्यात खरी खेळाडू तीच होती.

दहावीनंतर तिचा खेळ थांबला. “खेळू नकोस,” असे तिला कोणीच म्हटले नाही. पण पुढच्या स्पर्धा पुण्या-मुंबईला होत्या. वडिलांना दुकान बंद ठेवता येत नव्हते, आईला आजीला सोडून जाता येत नव्हते आणि भाऊ बारावीला होता. मुलीला एकटी पाठवायची नाही म्हटले की दोघांचे भाडे आणि चार दिवस राहण्याची सोय आलीच. दार उघडे होते, पण दारापर्यंत सोबत जायला माणूस नव्हता.

माझ्या धंद्यातल्या लोकांना वाटते की आता संगणकाने सगळे प्रश्न सोडवले. एक नक्कीच सोडवला. १९९७ मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवले तेव्हा मी इंजिनिअरिंगला होते. ते यंत्र कपाटाएवढे होते. आज त्याहून बलवान स्टॉकफिश खिशातल्या फोनवर फुकट चालतो. चोपड्याच्या मुलीलाही तोच सल्लागार मिळतो, जो जगज्जेत्याला मिळतो. पण किताबासाठी लागणारे रेटिंग मिळते ते पटावर समोरासमोर बसून खेळलेल्या डावांवरच. त्यासाठी प्रवास चुकत नाही.

आपल्या भागात वातावरण नाही, असेही म्हणता येणार नाही. २०१२ ची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा जळगावातच झाली आणि मेरी ॲन गोम्सने ती जिंकली. २०२४ मध्ये अकरा वर्षांखालील मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धाही जळगावातच झाली. देशभरातली लेकरे आईवडिलांचे बोट धरून आपल्या गावी आली होती. ते बोट फार महत्त्वाचे आहे.

म्हणून शाळेला घड्याळे आणि पट देऊन आपण थांबू नये, असे मला वाटते. आपली बॅच पुणे, नाशिक, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी सगळीकडे पसरली आहे. शाळेतली मुलगी स्पर्धेला आली, तर उतरायला आपल्यापैकी कोणाचे तरी घर असावे आणि सभागृहाबाहेर तिची वाट पाहत बसायला आपल्यातली एक बाई असावी. तिच्या आईला सोबत यायचे असेल, तर दोघींचे भाडे आपण द्यावे. वर्षातला एखादा शनिवार-रविवार प्रत्येकाला जमेल. कोण कुठे आणि कधी मोकळे आहे, याचा तक्ता मी सांभाळेन, तेवढे सॉफ्टवेअर मला येते.

सर, त्या दिवशी धुळ्याला तुम्ही दिवसभर बाहेरच्या ओट्यावर बसून होतात. त्या बसण्याची किंमत आम्हाला आता कळते.

जेवणाच्या हॉलच्या दाराशी एक वही ठेवली आहे. जाताना नाव, गाव आणि फोन लिहून जा. पहिले नाव माझ्या मैत्रिणीने लिहिले आहे.