टनेलचं काम
(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘सध्या काय चाललंय?’ असं ग्रुपवर विचारल्यावर मी ‘टनेलचं काम चालू आहे’ असं लिहिलं होतं. त्यावर तिघांनी माझं अभिनंदन केलं आणि एकाने कुठली मेट्रो म्हणून विचारलं. म्हणून आधीच खुलासा करतो. माझा बोगदा खंडाळ्याच्या घाटातला नाही. तो एका जुन्या गाडीच्या दोन सीटच्या मधोमध आहे, आणि त्यात कोपरापर्यंत हात घातला की तो भरतो.

मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहतो. माझ्याकडे 1965ची एमजीबी आहे, दोन सीटची, उघड्या टपाची. ही गाडी 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यामुळे ती दुर्मीळ वगैरे नाही. सुटे भाग मिळतात, आणि माझ्यासारख्या हौशी माणसाला हात काळे करायला परवडते.

तिचा त्रास एकच. गिअर चार, आणि त्या काळच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला तर खर्रकन आवाज येतो. चौथ्यात मोटरवेवर ताशी 70 मैल गेलं की इंजिन मिनिटाला सुमारे 3900 फेरे घेतं. शेजारी बसलेली बायको काही सांगत असेल तर ती भांडते आहे असं बाजूच्या गाडीवाल्याला वाटतं. तीन-चार उन्हाळ्यांनंतर तिने गाडीत बसणं बंद केलं. गाडी दोघांसाठी घेतली होती, म्हणून हे काम काढलं.

उपाय माहितीतला होता. फोर्ड सिएरामध्ये ‘टाइप नाइन’ नावाचा पाच गिअरचा बॉक्स असायचा. तो एमजीबीच्या इंजिनाला जोडायचे संच मिळतात. पाचव्या गिअरचं प्रमाण 0.82, म्हणजे त्याच वेगाला 3900च्या जागी सुमारे 3200 फेरे. अडचण टनेलची होती. 1967 अखेरीस नवा गिअरबॉक्स बसवताना कारखान्यानेच टनेल रुंद केला. माझी गाडी त्याआधीची, अरुंद टनेलची. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात. ते काढून नवा बॉक्स खालून धरून पाहिला, तर त्याचा खांदा टनेलच्या भिंतीला टेकत होता आणि गिअरचा दांडा मूळ भोकाच्या मधोमध येत नव्हता.

आता वाटेल, पत्राच तो, हातोड्याने ठोका. थोडं ठोकून भागत असेल तर जरूर ठोकावं. पण या गाडीला वेगळी चासी नाही. दारांखालचे उंबरे, जमिनीचा पत्रा आणि हा टनेल मिळूनच तिचा कणा होतो. वर छप्पर नाही, त्यामुळे सगळा पीळ खालीच सोसायचा. टनेल मनाला येईल तसा कापला तर एक दिवस दार लागेनासं होतं. म्हणून आधी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या जोडल्या, सीटमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या काढल्या, पेट्रोलची नळी मोकळी करून बाहेर ठेवली. पेट्रोलजवळ वेल्डिंगची ठिणगी उडाली तर पुढचं भाषण दुसऱ्या कोणाला तरी माझ्याबद्दल करावं लागलं असतं.

मग मी चूक केली. गिअरबॉक्स साखळीला टांगलेला असतानाच पुठ्ठ्याचा नमुना कापला. बॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसल्यावर खाली आणि थोडा बाजूला सरकतो, हे चाळीस वर्षं मशीनवर काम केलेल्या माणसाला कळायला हवं होतं. त्या नमुन्याबरहुकूम टनेलची खिडकी कापली, पत्रा वाकवला, लावून पाहिला, तर एका कडेला सहा मिलिमीटरची फट.

रात्रीचे अकरा वाजले होते. समोर फटी बुजवायच्या सीलरची नळी होती. तो भरायचा, वर काळा रंग मारायचा, वर गालिचा. कुणाला कळणार? ज्या माणसाकडून गाडी घेतली, त्यानेही हेच केलं होतं. त्याच टनेलवर पुढच्या बाजूला गंजलेलं भोक लांबी भरून बुजवलेलं मला सापडलं होतं, आणि मी त्याला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या.

नळी हातात घेतली आणि मला आपलं नरसाळं आठवलं.

आठवीत तांत्रिकच्या तासाला पत्र्याचं नरसाळं करायचं होतं. आधी कागदावर आकार उलगडायचा, मग पत्र्यावर स्क्राइबरने रेघ मारायची, मग कापून, वळवून डाग द्यायचा. सर तपासताना त्यात पाणी ओतायचे. माझं जोडाच्या जागी गळत होतं. मी घरून मेणबत्ती आणली, आतून मेण लावलं आणि वर बोटाने घासून काळं केलं. सर, तुम्ही पाणी ओतलंत, एक थेंब गळला नाही, आणि मला 25 पैकी 22 दिलेत. माझ्या बाकावरच्या मित्राचंही गळत होतं. त्याने ते तसंच पुढे ठेवलं. त्याला 14 मिळाले. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. इतकी वर्षं मी त्याला हे सांगितलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगतो. मित्रा, चुकलो.

त्या रात्री मी सीलर ठेवून दिला आणि जोडायला काढलेला पत्रा फेकला. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स त्याच्या माउंटिंगवर बसवला, इंजिन जागेवर आहे हे पाहिलं, आणि पुन्हा पुठ्ठा घेतला. बॉक्स हलतो, म्हणून चारी बाजूंनी बोटभर जागा सोडली. बॉक्स उतरवून नवा पत्रा कापला, तो खिडकीच्या कडांवर नीट बसेपर्यंत फाइल मारली. वेल्डिंग सलग केलं की पत्रा तापून वेडावाकडा होतो. म्हणून इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं दोन दिवस चाललं. शेवटी गॅरेजचा दिवा घालवला, गाडीखाली बल्ब ठेवला आणि वरून पाहिलं. चार ठिकाणी टाचणीएवढा उजेड दिसला. ते चारही बुजवले, वेल्डिंगने. मग पुन्हा अंधार करून पाहिलं.

प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलून, तो बॅलन्स करून घेतला. जुना गिअरबॉक्स तेल लावून गुंडाळून ठेवला आहे. कुठे कापलं, किती कापलं, याची मापं एका कागदावर लिहून गाडीच्या फाइलमध्ये लावली आहेत. पुढच्या मालकाला मला शिव्या घालायच्याच असतील तर निदान नीट माहिती घेऊन घालाव्यात.

पहिल्या फेरीला आम्ही दोघं एम-फॉर्टी मोटरवेने अ‍ॅबिंग्डनला गेलो. पाचवा टाकला. थोड्या वेळाने बायको म्हणाली, ‘परत येताना भाजी घ्यायची आहे.’ साध्या आवाजात म्हणाली. ते मला ऐकू आलं, आणि सगळ्या कामाचे पैसे वसूल झाले.

सर, येताना पातळ जस्ती पत्र्याचं एक नरसाळं करून आणलं आहे. जोडाला फक्त डाग आहे, मेण नाही. टेबलावर पाण्याचा तांब्या आहे. तुम्ही ओता. गळलं तर माझे आठ मार्क कापा.